अर्जुनाची दहा नावे आणि विजेचे अंतर

मृग नक्षत्राच्या आगेमागे केळापूर तालुक्यावर दुपारनंतर आभाळ भरून येऊ लागते तेव्हा इथला कास्तकार घरात नसतो, वावरात असतो. कारण कपाशीच्या लावणीची घाई आणि पहिल्या पावसाची चाहूल ही एकाच पंधरवड्यात येतात, आणि बियाणे हाती असताना, मजूर लावलेले असताना, केवळ ढग दाटले म्हणून काम टाकून घरी जाणे हे ज्याच्या वर्षाचा सारा हिशेब त्या चार दिवसांवर टेकलेला आहे त्या माणसाला परवडत नाही. असाच दुसरा काळ परतीच्या पावसाचा, सोयाबीनच्या सोंगणीचा. या दोन्ही हंगामांत विदर्भातील वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एक चार ओळींची बातमी वर्षानुवर्षे येत राहते: पाऊस आला म्हणून झाडाखाली थांबलेली मजूर बाई, धुऱ्याने बैल हाकीत घरी निघालेला मुलगा, वीज पडून जागीच मरण पावला. मग तलाठी येतो, पंचनामा होतो, शवविच्छेदनाचा अहवाल जोडला जातो, प्रकरण पांढरकवड्याच्या तहसील कचेरीत दाखल होते, आणि रीतसर चौकशीअंती मयताच्या वारसांना ४ लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य मंजूर होते. ही तरतूद न्याय्य आहे आणि ती सत्वर अमलात यावी असेच कोणीही म्हणेल; परंतु मृत्यूनंतरचा बंदोबस्त इतक्या काटेकोरपणे करणाऱ्या आपल्या समाजाने मृत्यूपूर्वीचा जो एक बंदोबस्त जवळजवळ फुकटात होण्याजोगा आहे तो आजवर मनावर घेतलेला नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. तो बंदोबस्त म्हणजे तरंगांच्या शास्त्राचा एक धडा. आणि तो धडा केळापूरच्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, अक्षरओळखीच्या बरोबरीने शिकवला गेला पाहिजे, असे माझे मत आहे.

माझ्या लहानपणी वीज चमकली की आजी आम्हां मुलांना अंगणातून ओढून आत घेई आणि अर्जुनाची दहा नावे म्हणायला लावी. विराटपर्वात राजपुत्र उत्तराला अर्जुनाने स्वतःची ओळख पटवून देताना सांगितलेली ती नावे: अर्जुन, फाल्गुन, जिष्णू, किरीटी, श्वेतवाहन, बीभत्सू, विजय, कृष्ण, सव्यसाची, धनंजय. आजीची एक अट असे. नावे भराभर उरकायची नाहीत. प्रत्येक नाव सावकाश, पूर्ण उच्चारायचे, आणि आरंभ मात्र लखलखाट दिसताक्षणीच करायचा. गडगडाट झाला की ती विचारी, "कोणत्या नावावर आली रे?" 'किरीटी'वर आली म्हटले तर तिच्या कपाळावर आठी उमटे आणि ती दाराला कडी घाली, 'धनंजय' ओलांडून दुसरी फेरी बरीच पुढे गेली असेल तर तिचा चेहरा सैल पडे. ध्वनीचा वेग किती हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. ती भक्तिभावाने नावे घेत होती हे खरे. तथापि ती अंतर मोजत होती हेही तितकेच खरे, आणि मोठेपणी पदार्थविज्ञानाचे पुस्तक हाती आल्यावर मला पहिल्यांदा ओळखीची वाटलेली गोष्ट तीच होती.

या मापनाच्या मुळाशी काय आहे ते नीट पाहिले पाहिजे. आकाशात वीज कोसळते ती घटना एक. परंतु तिची इत्तिला आपल्यापर्यंत तीन जासूद घेऊन येतात. पहिला प्रकाश, दुसरा रेडिओतरंग आणि तिसरा ध्वनी. पहिले दोन एकाच कुळातले आणि एकाच वेगाचे. सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावणारे. दहा किलोमीटरवर पडलेल्या विजेचा प्रकाश आपल्या डोळ्यांशी पोहोचायला सेकंदाचा तीस हजारावा भागदेखील पुरतो, म्हणून व्यवहारात 'वीज पडली' आणि 'वीज दिसली' हे एकच मानायला हरकत नाही. तिसरा जासूद मात्र पायी चालणारा आहे. आपल्याकडच्या उन्हाळी हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. म्हणजे एक किलोमीटर यायला त्याला जवळजवळ तीन सेकंद लागतात. दोन जासूद एकाच वेशीतून एकाच क्षणी निघाले, एकाचा वेग अमर्याद म्हणावा असा आणि दुसऱ्याचा ठाऊक असलेला, तर दुसरा किती उशिरा पोहोचला यावरून वेस किती दूर आहे हे सांगता येते. आजीचा 'किरीटी' म्हणजे चौथा सेकंद, म्हणजे दीड किलोमीटरहूनही कमी अंतर. तिच्या कपाळावर आठी उमटत असे ती अकारण नव्हे.

ध्वनीला वेळ लागतो हे पटवून घेण्यासाठी विजेची वाट पाहण्याची गरज नाही. पांढरकवड्याच्या खुनी नदीच्या काठी धुणे धुणारी बाई लांबून पाहावी. कपडा दगडावर आपटलेला डोळ्यांना दिसतो तेव्हा कानाला काहीच येत नाही; हात वर जातो, कपडा डोक्यावर उंच असतो, आणि नेमका त्या वेळी 'थप्' असा आवाज येतो, जणू कपडा हवेवरच आपटला. सेकंदाला एक ठोका पडत असेल आणि आवाज बरोबर हात वर असताना येत असेल, तर बाई आणि पाहणारा यांच्यात अर्ध्या सेकंदाचे, म्हणजे पावणेदोनशे मीटरांच्या आसपासचे अंतर आहे. हा हिशेब चौथीतल्या मुलाला करता येतो, आणि एकदा त्याने तो स्वतः केला की तो जन्मात विसरत नाही.

याच रीतीने, फक्त अधिक काटेकोरपणे, आपल्याच देशात एक नामांकित मापन झाले आहे. मद्रास वेधशाळेचा कंपनी सरकारचा ज्योतिषी जॉन गोल्डिंगहॅम याने १८२०-२१ मध्ये फोर्ट सेंट जॉर्ज आणि सेंट टॉमस माउंट या दोन ठिकाणी नेमाने सुटणाऱ्या तोफांचा उपयोग करून घेतला: तोफेची ज्वाळा दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचा काळ तो महिनोन्महिने टिपत राहिला आणि त्याच्याबरोबर हवेचे तापमान, ओलावा, वाऱ्याची दिशा यांच्याही नोंदी त्याने ठेवल्या. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींतून दिसून आले की थंडीच्या महिन्यांत ध्वनी काहीसा मंद चालतो आणि उन्हाळ्यात अधिक वेगाने. तापमान एका अंशाने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वाढतो, हे आज प्रत्येक पुस्तकात असते. गोल्डिंगहॅमच्या तोफेत आणि आजीच्या विजेत तत्त्वाचा काडीमात्र फरक नाही. फरक आहे तो दप्तराचा. त्याने नोंदी ठेवल्या, आपण ठेवल्या नाहीत.

पण हे तीन जासूद चालतात तरी कसे? येथे 'तरंग' या शब्दाचा खरा अर्थ मुलांच्या मनात उतरवावा लागतो, आणि तो फळ्यावर उतरत नाही. विहिरीत खडा टाकावा आणि पाण्यावर पडलेल्या कडुलिंबाच्या पानाकडे पाहावे: वर्तुळे काठाकडे धावतात, पान मात्र जागच्या जागी वर-खाली होऊन तेथेच राहते. काठाकडे पाणी गेले नाही, पाण्याची हालचाल गेली. ज्वारीच्या उभ्या वावरावरून वारा फिरतो तेव्हाही एकही ताट जागा सोडत नाही, तरी लाट या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत जाते. ध्वनी हवेतून असाच येतो. हवेचे कण पुढे-मागे थरथरतात, दाबले जातात, विरळ होतात, आणि ती दाटी-विरळी पुढे सरकते. आपल्या नैयायिकांनी शब्दाच्या प्रसाराचा विचार करताना 'वीचीतरंगन्याय' आणि 'कदंबगोलकन्याय' असे दोन दृष्टांत योजले होते. एक पाण्यावरच्या लाटेमागून उठणाऱ्या लाटेचा, दुसरा सर्व अंगांनी एकदमच फुलणाऱ्या कदंबाच्या गोलाकार फुलाचा. शब्द हा आकाशाचा गुण, ही त्यांची धारणा आजच्या शास्त्राला मान्य नाही. ध्वनीला हवा लागते, निर्वातात तो मुका होतो. परंतु ध्वनी सर्व दिशांना गोलाकार पसरतो हे ओळखून त्याला कदंबाच्या फुलाची उपमा देणारी ती दृष्टी मला फार मोलाची वाटते.

प्रकाशाला तर हवाही लागत नाही. तो तरंग आहे असे हॉयगेन्सने १६९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले, थॉमस यंगने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते प्रयोगाने दाखवले, मॅक्सवेलने १८६५ मध्ये गणिताने त्याचे विद्युत-चुंबकीय स्वरूप निश्चित केले, हर्ट्झने १८८७-८८ मध्ये त्याच जातीचे अदृश्य तरंग प्रयोगशाळेत निर्माण केले आणि १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी त्या तरंगांनी दूरची घंटा वाजवून दाखवली. हा इतिहास झाला. पण विदर्भातल्या घराघरांत या साऱ्याचे सार रोज सकाळी ऐकू येत असे, आणि आपण ते ऐकूनही ऐकले नाही. आकाशवाणीच्या नागपूर केंद्राचा निवेदक सभा सुरू करताना ५१२.८ मीटर आणि ५८५ किलोहर्ट्झ हे दोन आकडे सांगत असे. पहिला आकडा तरंगाची लांबी, दुसरा त्याची वारंवारता. सेकंदाला ५ लाख ८५ हजार लाटा, प्रत्येक लाट ५१२.८ मीटर लांब. या दोहोंचा गुणाकार करून पाहावा. उत्तर येते सेकंदाला २ लाख ९९ हजार ९८८ किलोमीटर, म्हणजे प्रकाशाचा वेग, अगदी थोड्या फरकाने. चहा उकळत असताना, बंडी जुंपली जात असताना, रोज नेमाने विश्वातील सर्वांत मोठा वेग गुणाकाराच्या रूपात आपल्या ओसरीवर सांगितला जात होता. आणि शाळेत मात्र 'वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी' हे सूत्र आम्ही घोकून पाठ केले.

त्याच रेडिओवर, आभाळ भरून आले की, गाण्याच्या मधोमध 'खर्रर्' असा आवाज येई. ती बिघाडाची खरखर नव्हती. तो विजेचा दुसरा जासूद होता. प्रत्येक वीज प्रकाशाबरोबर रेडिओतरंगही फेकते, आणि ते शेकडो किलोमीटर पोहोचतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ठिकठिकाणी बसवलेली यंत्रे हेच तरंग टिपतात. एकाच विजेचा तरंग कोणत्या केंद्रावर किती सूक्ष्म अंतराने पोहोचला यावरून वीज कोठे पडली ते काढतात, आणि 'दामिनी' या मोबाइल अ‍ॅपवरून आसपासच्या विजेची सूचना देतात. ज्याच्याजवळ असा फोन असेल त्याने ते अ‍ॅप अवश्य घ्यावे. पण पोडावरून रोजमजुरीला आलेल्या ज्या बाईजवळ फोन नाही, तिच्याजवळ डोळे, कान आणि मोजण्याची बुद्धी ही तीन यंत्रे आहेतच, आणि माझे सारे म्हणणे तिच्यासाठी आहे.

मराठी भाषेने विजेच्या आवाजासाठी दोन शब्द ठेवले आहेत: कडकडाट आणि गडगडाट. हा भेद पोकळ नाही. विजेच्या वाटेवरची हवा क्षणार्धात सुमारे ३० हजार अंशांपर्यंत, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट तापते, आणि फुटल्यासारखी फाकते. तोच तो आवाज. वीज जवळ पडली तर सारा आघात एकदम येतो, तो कडकडाट. दूर पडली तर तिच्या काही किलोमीटर लांबीच्या वाटेच्या निरनिराळ्या भागांचा आवाज निरनिराळ्या वेळी पोहोचतो, वाटेत त्यातले तीव्र, उंच स्वर हवा शोषून घेते, उरलेले खर्जातले स्वर टेकड्यांवरून आणि ढगांवरून परतून त्यांत मिसळतात, तो गडगडाट. कडकडाट ऐकू आला त्या वेळी मोजायला अवधी नसतोच. मोजायचे ते त्याच्या आधी, गडगडाट दूर असताना.

आणखी एक बारकावा येथे सांगितलाच पाहिजे, कारण त्याने जीव जातो. क्षितिजावर वीज चमकते आणि आवाज मात्र मुळीच येत नाही, तेव्हा लोक निर्धास्त होतात. तापलेल्या दिवशी जमिनीलगतची हवा गरम आणि वरची थंड असते. गरम हवेत ध्वनी वेगाने चालतो, म्हणून ध्वनितरंगाचा खालचा भाग पुढे पळतो आणि सारा तरंग वरच्या दिशेला वळून आपल्या डोक्यावरून निघून जातो. म्हणून वीस-पंचवीस किलोमीटरपलीकडचा गडगडाट सहसा ऐकूच येत नाही. याच्या उलट, नवरात्राच्या निरभ्र रात्री जमीन गार पडते, वरची हवा तुलनेने उबदार राहते, ध्वनी खाली वळतो, आणि केळापूरच्या जगदंबेच्या यात्रेतला ढोल दिवसा जेथे पोहोचत नाही तेथल्या शिवारात रात्री स्पष्ट ऐकू येतो. तेव्हा गडगडाट ऐकू न येणे म्हणजे वादळ नाही असे नव्हे, ते अद्याप दूर आहे एवढेच. आणि वादळाला पाय असतात. त्याचप्रमाणे, घराच्या मागून आईची हाक ऐकू येते पण आई दिसत नाही, कारण ध्वनीच्या हात-दोन हात लांबीच्या लाटा कोपऱ्यावरून वळतात आणि प्रकाशाच्या अतिसूक्ष्म लाटा वळत नाहीत. तसाच टेकडीआडच्या विजेचा लखलखाट निसटेल, गडगडाट निसटणार नाही. लखलखाट न पाहिलेला गडगडाटही इशाराच समजावा.

लखलखाटानंतर तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे, आणि ढगाच्या गाभ्यापासून इतक्या अंतरावरही ती पडू शकते. आजीच्या भाषेत, नावांची तीन आवर्तने पुरी होण्याआधी आवाज आला की हातातले काम टाकायचे. जायचे ते पक्क्या घरात, शाळेत, देवळाच्या बांधीव गाभाऱ्यात, किंवा काचा लावलेल्या एसटीत वा जीपमध्ये. झाडाखाली नव्हे आणि उघड्या टिनाच्या छपराखालीही नव्हे. मोहाचे वा चिंचेचे एकटे उंच झाड हे विजेचे पहिले लक्ष्य असते, आणि बुंध्यातून उतरणारी वीज शेजारी टेकलेल्या माणसाच्या अंगावर उडी घेते. ती जमिनीत उतरली तरी संपत नाही. मातीतून पसरताना जवळच्या आणि दूरच्या पावलांत विद्युत्‌दाबाचा फरक पडतो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून झाडाखाली बांधलेली जोडी एकदम दगावते. आसरा मिळणेच अशक्य असेल तर झाडांपासून आणि एकमेकांपासून दूर, दोन्ही पावले जुळवून उकिडवे बसावे, आडवे कदापि पडू नये. पायाळू माणसावर वीज पडते ही समजूत आपल्याकडे अजून जिवंत आहे. तिच्यापायी एखाद्या पायाळू मुलाला घोळक्यातून दूर लोटले जाते आणि बाकीचे निर्धास्तपणे झाडाखाली उभे राहतात. वीज जन्म पाहत नाही, उंची पाहते.

आता शाळेविषयी. विदर्भातील शाळा कडक उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जून सरत आल्यावर उघडतात. म्हणजे मृगाच्या आधीची आणि मृगातली धोक्याची वादळे होऊन जातात तेव्हा मुले सुट्टीत असतात, आणि सुट्टीत म्हणजे बहुधा आईबापांबरोबर वावरात. ध्वनीचा पाठ पुस्तकात आहे, पण तो वर्षाच्या ज्या आठवड्यात त्याची गरज आहे त्या आठवड्यात नाही. माझी सूचना अशी की जिल्हा परिषदेने हा एक धडा सुट्टी लागण्यापूर्वी, चैत्रात, मैदानात घ्यावा. एका मुलाने ढोल किंवा स्टीलची थाळी घेऊन साडेतीनशे मीटरांवर उभे राहावे, हात उंच करून ठोका द्यावा, आणि इकडे सर्वांनी मिळून मोजावे. बस्स, एवढाच प्रयोग. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, अनुदान लागत नाही, निविदा लागत नाही. आणि हा धडा कोलामी आणि गोंडी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्याच भाषेत मिळावा, कारण धावपळीच्या क्षणी माणूस आपल्या आईच्या भाषेतच मोजतो. अर्जुनाची नावे आमच्या घरची होती, त्यांच्या घरी त्यांचे स्वतःचे आकडे आहेत आणि ते तितकेच बिनचूक अंतर सांगतात. आश्रमशाळांनी तर हे आधी उचलावे, कारण त्यांची मुले सुट्टीत ज्या पोडांवर परततात तेथे पक्के घर बहुतेक वेळा दूर असते. आणि जितके घर दूर तितका निर्णय लवकर घ्यावा लागतो, हेही त्याच धड्यात यायला हवे.

जाणत्या कास्तकारांना आणि मजूर लावणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे. आभाळ वाजू लागल्यावर मजुराने स्वतःहून काम सोडायचे म्हटले तर त्याला रोजी जाण्याची भीती असते. तेव्हा पहिला शब्द तुमचा असला पाहिजे. वीज चमकताच मोठ्याने मोजायला लागा, सर्वांना ऐकू जाईल असे. तिसाच्या आत गडगडाट आला तर वावर रिकामे करा, त्या दिवसाची मजुरी कापू नका, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर पुरता अर्धा तास होईपर्यंत कोणालाही परत वावरात पाठवू नका.